बाणांना घर हवं!

मुलांनो, दसरा जवळ आला की दोन गोष्टींना एकदम मागणी वाढते. एक आपट्याच्या पानांना आणि दुसरी बांबूच्या कामट्यांना. आपट्याची पानं कशाला लागतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. आणि कामट्या? अरे, तीरकमठ्यासाठी!

आमचं सिहोरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं गाव. आजूबाजूला धानाच्या बांध्या, जवळच चांदपूरचा तलाव आणि डोंगरावरचं हनुमंताचं देवस्थान. दसऱ्याच्या सुमाराला धान पोटरीत येतं आणि इकडे पोरांच्या हातात तीरकमठे येतात. बुरडाच्या दारात चकरा सुरू होतात. "काका, एक कामटी द्या नं!" रामायण टीव्हीवर पाहिलेलं असो की आजीकडून ऐकलेलं, आठवडाभर गल्लीगल्लीत राम-लक्ष्मणांचा सुकाळ! रावण व्हायला मात्र कुणी तयार नसतं.

अशाच एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एक चौथीतला मुलगा रडत रडत माझ्या घरी आला. त्याच्या मागे त्याची आई होती आणि आईच्या कडेवर धाकटी बहीण. बहिणीच्या भुवईच्या वर रक्ताची बारीक रेघ. डोळ्यापासून जेमतेम बोटभर अंतर! आई रागाने लालबुंद झालेली. आणि मुलगा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मॅडम, मी बाण मारलोच नाही जी! खरंच सांगतो, मारलोच नाही!"

मला वाटलं, पोरगा खोटं बोलतोय. पण नीट विचारलं तेव्हा कळलं, तो अगदी खरं बोलत होता. त्याने जुन्या छत्रीच्या चार काड्या बाण म्हणून घेतल्या होत्या. राम पाठीवर बाण ठेवतो ना, तसे याने ते सदऱ्याच्या मागच्या बाजूला कॉलरमध्ये खोचले होते. धावता धावता ठेच लागली, हा पुढे वाकला, आणि मागून धावत येणाऱ्या बहिणीच्या कपाळाला काडीचं टोक लागलं. धनुष्याची दोरी त्याने ओढलीसुद्धा नव्हती.

म्हणजे बघा, इजा मारलेल्या बाणाने नाही झाली. नुसत्या ठेवलेल्या बाणाने झाली!

त्या रात्री मी विचार करत बसले. धनुष्य कसं धरायचं, नेम कसा धरायचा हे सगळेच सांगतात. पण बाण ठेवायचा कुठे आणि कसा, हे कुणीच सांगत नाही. म्हणून आज आपण धनुष्याच्या गप्पा नाही मारायच्या. आज आपण बोलायचं ते बाणांच्या घराबद्दल. त्या घराचं नाव भाता.

एक शब्द, दोन पिशव्या

'भाता' म्हटलं की काही जणांच्या डोळ्यांपुढे लोहाराची भट्टी येईल. बरोबर आहे! लोहार ज्याने वारा घालून विस्तव फुलवतो तोही भाताच. आणि बाण ठेवायचा तोही भाताच. असं कसं? संस्कृतात 'भस्त्रा' म्हणजे चामड्याची पिशवी. योगासनांच्या तासाला तुम्ही भस्त्रिका प्राणायाम करता ना, भात्यासारखा जोरजोरात श्वास? तोही याच शब्दातून आला. एका पिशवीत वारा, दुसरीत बाण. गंमत आहे की नाही?

बाणांच्या भात्याला संस्कृतात तूणीर, इषुधी, निषंग अशीही नावं आहेत. फारसीत तरकश. तीर आणि तिरंदाज हे आपले शब्दही फारसीतूनच आलेले.

महाभारतात तर भात्याला मोठाच मान आहे. खांडववनाच्या गोष्टीत अग्नीच्या सांगण्यावरून वरुणाने अर्जुनाला गांडीव धनुष्य दिलं. पण नुसतं धनुष्य नाही हं! सोबत दोन भाते दिले, आणि तेही अक्षय, म्हणजे कधीच रिकामे न होणारे. कारण उघड आहे. बाण संपले की गांडीवाचीही काठीच होणार! पुढे मौसलपर्वात, कृष्ण गेल्यावर अर्जुनाला चोरांनी गाठलं, तेव्हा हेच अक्षय भाते रिते झाल्याचं व्यासांनी सांगितलं आहे. एवढा मोठा धनुर्धर आपल्या भात्याकडे पाहून हताश झाला. कथेतसुद्धा भात्याचं महत्त्व किती ते पाहा.

बर्फातला माणूस आणि त्याचा भाता

ही झाली कथा. आता एक खरीखुरी गोष्ट सांगते.

१९९१ साली, सप्टेंबर महिन्यात, ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सरहद्दीवरच्या आल्प्स पर्वतात फिरणाऱ्या दोघांना बर्फात एक मृतदेह दिसला. त्यांना वाटलं, कुणीतरी गिर्यारोहक असेल. तपासल्यावर शास्त्रज्ञ थक्क झाले. तो माणूस सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा निघाला! बर्फाने त्याला जपून ठेवलं होतं. त्याचं नाव ठेवलं ओत्झी.

ओत्झीजवळ काय काय होतं? तांब्याची कुऱ्हाड होती, गारगोटीचा सुरा होता, त्याच्याहून उंच असं लाकडी धनुष्य होतं, आणि चामड्याचा भाता होता. भात्यात चौदा बाण. पण गंमत म्हणजे त्यातले दोनच बाण पूर्ण झालेले, टोकं आणि पिसं लावलेले. उरलेले बारा अर्धवट! धनुष्यही पुरं झालेलं नव्हतं. म्हणजे हा माणूस वाटेतच आपली हत्यारं घडवत चालला होता. त्या अर्धवट काड्यासुद्धा त्याने हातात लोंबत्या ठेवल्या नव्हत्या. भात्यात नीट ठेवल्या होत्या. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळत होतं ते आपल्याला कळायला नको का?

पाठीवर, कमरेला की धनुष्यालाच?

आता एक कोडं. समजा तुमच्याजवळ धनुष्य आहे आणि सहा बाण आहेत. डाव्या हातात धनुष्य, उजव्या हाताने दोरी ओढायची. दोन्ही हात गुंतले. मग बाकीचे पाच बाण कुठे ठेवाल?

पहिलं उत्तर: पाठीवर. चित्रातले राम-लक्ष्मण आणि इंग्रजी गोष्टीतला रॉबिन हूड, सगळ्यांच्या पाठीवर भाता दिसतो. दिसतो छान! पण झुडपाखालून वाकून जायची वेळ आली की बाण डोक्यावरून घरंगळून पुढे येतात. शिवाय पाठीमागचं आपल्याला दिसत नाही. आमच्या चौथीतल्या रामाचं तेच झालं.

दुसरं उत्तर: कमरेला. मध्य आशियातल्या घोडेस्वार शक टोळ्या कमरेला असा लांबट खण लटकवत, की त्यात धनुष्य आणि बाण दोन्ही मावत. मुघलांच्या जुन्या चित्रांतही स्वारांच्या कमरेला तरकश दिसतो. इंग्लंडचे जुने लढवय्ये धनुर्धारीही बाण बहुधा कमरेच्या पट्ट्यात किंवा कापडी पिशवीत बाळगत. बाण डोळ्यांसमोर राहतो, हाताला चटकन लागतो. पण दाट झाडीतून चालताना तो काट्याकुट्यांत अडकतो.

तिसरं उत्तर ऐकून तुम्ही म्हणाल, हे आम्हाला का सुचलं नाही! ते म्हणजे बाण धनुष्यालाच बांधून टाकायचे. धनुष्य हातात असलं की बाणही हातात. पाठ मोकळी, कंबर मोकळी.

पण ही युक्ती अगदीच परदेशी आहे असं समजू नका. आपल्याकडच्या भिल्ल तिरंदाजांची जुनी चित्रं आणि फोटो नीट पाहा. पुष्कळदा जास्तीचे दोन-तीन बाण त्यांनी धनुष्याच्या मुठीसोबत डाव्या हातातच धरलेले दिसतात. त्यांच्या कमठ्याचं दांडकं बांबूचं आणि दोरीसुद्धा बांबूच्याच पातळ कामटीची. बाजारातून काहीही आणायला नको. धनुष्यासोबत बाण धरायची ही जी सवय, तिलाच नव्या जमान्यात स्क्रू आणि पट्टी मिळाली.

धनुष्याला भाता कसा जोडतात?

अमेरिकेसारख्या काही देशांत परवाना घेऊन, ठरलेल्या मोसमात धनुष्याने शिकार करायला परवानगी आहे. तिथले काही जण 'रिकर्व्ह' जातीचं धनुष्य वापरतात. साधं धनुष्य दोरी उतरवली की बरंचसं सरळ होतं. रिकर्व्हची दोन्ही टोकं मात्र पुढच्या बाजूला, म्हणजे धनुर्धराच्या उलट दिशेला वळलेली असतात. त्यामुळे लांबीने आखूड असूनही ते बाणाला चांगला जोर देतं. मधे मूठ असलेला जाड दांडा, आणि वर-खाली दोन लवचिक पाती, असे त्याचे भाग.

या धनुष्याला काढता-घालता येणारा भाता लावतात. तो पिशवीसारखा नसतो बरं का! त्याचे दोन भाग. वर एक टोपण, त्याच्या आत स्पंज किंवा रबर. बाणांची धारदार टोकं त्यात पूर्ण बुडून बसतात. खाली एक रबरी पकड, तिला कंगव्यासारख्या खाचा. एकेका खाचेत एकेक बाणाची काडी चपखल बसते. म्हणजे बाण उभे, टोक वर, पिसं खाली. एकाला दुसरा लागत नाही, वाजत नाही.

हे सगळं धनुष्याला जोडायच्या तीन तऱ्हा आहेत. काही धनुष्यांच्या दांड्यात मुळातच आटे पाडलेली भोकं असतात, तिथे पट्टी स्क्रूने बसते. काही धनुष्यांची पाती सुटी करता येतात, त्यांत पात्यांच्या स्क्रूखालीच पट्टी अडकवतात. आणि भोकं नसलेल्या जुन्या धनुष्यांना पट्ट्याने किंवा रबरी बंदाने भाता बांधतात. पट्टी कायम धनुष्यावर राहते. खटका दाबला की भाता सुटून हातात येतो.

वाचायला सोपं वाटतं. पण जोडणाऱ्याला काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्या मी तुम्हाला कारणांसकट सांगते, कारण खरी मजा कारणांतच आहे.

एक. आधी धनुष्याची दोरी उतरवायची. दोरी चढवलेलं धनुष्य म्हणजे दाबून धरलेली स्प्रिंग. स्क्रू फिरवता फिरवता ती निसटली तर हाताला किंवा तोंडाला लागेल.

दोन. बाजू नीट निवडायची. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाने जातो. म्हणून भाता उजव्या अंगाला. नाहीतर सुटणाऱ्या बाणाला भाताच आडवा येईल!

तीन. स्क्रू घट्ट हवा, पण लाकूड चिरेल इतका नको. सैल राहिला तर प्रत्येक बाणाला धनुष्य खुळखुळ्यासारखं वाजतं. फार आवळला तर लाकडी दांड्याला तडा जातो. आपल्या सायकलच्या नटाचंही तसंच असतं ना?

चार. मग दोरी चढवून पाहायचं. बाणांची पिसं दोरीला किंवा पात्याला कुठे घासतात का? धनुष्य हलकेच हलवून कान द्यायचा. काही खडखडतंय का?

पाच. एवढं झालं की पाहायचा तो तोल. सहा बाण आणि भाता मिळून वजन सहज पाव किलोच्या वर जातं, आणि ते सगळं एकाच बाजूला. धनुष्य उजवीकडे कलायला लागतं. त्यात आणखी गंमत म्हणजे एकेक बाण वापरला की वजन कमी होतं, म्हणजे तोलही दर वेळी बदलतो! शिवाय वारा सुटला की पिसांवर तो शिडासारखा आदळतो. म्हणून कुणी नेम धरण्याआधी खटका दाबून भाता बाजूला काढून ठेवतात. कुणी भाता लावूनच सराव करतात, म्हणजे हाताला त्या वजनाची सवय होते. दोन्ही बरोबर. फक्त सराव एका तऱ्हेने आणि प्रत्यक्षात दुसरी तऱ्हा, असं केलं की नेम चुकलाच म्हणून समजा.

जाता जाता एक महत्त्वाचं सांगते. धनुष्य कोणतंही असो, बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडायची नाही. ओढताना आपण लावलेली सगळी ताकद बाण घेऊन जातो. बाणच नसला तर ती ताकद धनुष्याच्या अंगात परत येते, आणि धनुष्य तडकू शकतं.

पण मॅडम, शिकार?

वर्गात हे सगळं सांगत होते तेव्हा एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मग आपण का नाही करत शिकार?"

छान प्रश्न. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवाने मिळत असत. १९९१ च्या दुरुस्तीने तेही बंद झाले. शिकार मग बंदुकीने असो, फासाने असो की तीरकमठ्याने, तो गुन्हाच.

आणि का नसावा? आपल्या शेजारचंच नागझिरा पाहा. १९७० मध्ये ते अभयारण्य झालं आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच साली आपल्या भंडारा जिल्ह्यातलं कोका हेही अभयारण्य झालं. वाघ, अस्वल, रानकुत्रे, चितळ, सांबर आपल्या इतक्या जवळ राहतात. एके काळी जंगल अफाट आणि माणसं थोडी होती. पोटासाठी केलेली शिकार त्या काळी जंगलाला जाणवत नसे. आज जंगल थोडं आणि माणसं अफाट. म्हणून बाणाची दिशा बदलायला हवी. गिलोरीने पाखरं मारणाऱ्यांनाही हे लागू आहे बरं का!

नेम तोच, निशाणा नवा

दिशा बदललेला बाण किती लांब जातो, याचं पहिलं उदाहरण लिंबाराम. राजस्थानातल्या उदयपूरकडचा आदिवासी मुलगा. लहानपणी बांबूच्या धनुष्याने रानात फिरायचा. १९८७ मध्ये त्याची निवड सरकारी प्रशिक्षणासाठी झाली, आणि १९८८, १९९२, १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये तो भारताकडून खेळला. १९९२ मध्ये आशियाई स्पर्धेत ३० मीटरवरून ३६० पैकी ३५८ गुण घेऊन त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली.

आणि आता आपल्या महाराष्ट्राकडे या. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव. आई-वडील मजुरी करणारे. त्याच्यातला खेळाडू ओळखला तो जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी. क्रीडा प्रबोधिनीत, विशेषतः आपल्या विदर्भातल्या अमरावतीला तो तिरंदाजी शिकला. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रिकर्व्ह सांघिक रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, पहिल्याच फेरीत त्याने जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या रशियन तिरंदाजाला ६-० असं हरवलं. पुढे २०२४ मध्ये तो पॅरिसलाही खेळला.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्लिनला तर कमालच झाली. साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेती झाली. तिचे वडील शिक्षक आहेत. आणि त्याच दिवशी आपल्या नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता झाला. अंतिम सामन्यात पंधरा बाण आणि १५० पैकी १५० गुण! एकही बाण दहाच्या वर्तुळाबाहेर नाही. त्याच वर्षी चीनमधल्या हांगझौच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदकं मिळवली. त्यातल्या सांघिक सुवर्णात बुलढाण्याचा प्रथमेश जावकरही होता.

आता यांचा भाता कुठे असतो, सांगा पाहू? कमरेला! का बरं? त्यांना झाडीतून वाकून जायचं नसतं. ते एका रेषेवर उभे असतात. त्यांना हवा असतो धनुष्याचा पक्का तोल. म्हणून धनुष्यावर जास्तीचं वजन नको. त्यांच्या भात्यात नळ्या असतात, एकेका नळीत बाण, म्हणजे पिसं चुरगळत नाहीत. एकास एक सामन्यात प्रत्येक बाणाला फक्त २० सेकंद मिळतात. भात्यात हात घातल्याबरोबर बाण यायला हवा.

आणि हा नियम तर मला फारच आवडला. सांघिक सामन्यात खेळाडू रेषेवर उभा राहीपर्यंत त्याने बाण भात्यातून काढायचाच नाही. काढला तर पंच पिवळं कार्ड दाखवतात. जगज्जेत्यांनासुद्धा हाच नियम. मग आपल्या गल्लीतल्या रामाला का नको?

करून पाहा

आता एक प्रयोग. यात बाण नाहीत, पेन्सिली आहेत. त्यामुळे बिनधास्त करा.

सामान: दीड हात लांबीची बांबूची कामटी, सुतळी, सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन रबरी कडे, सहा पेन्सिली, बाटलीचं रुंद झाकण आणि त्यात बसेल असा स्पंजचा तुकडा. कामटीच्या कडा मोठ्या माणसांकडून तासून घ्या. कामटी किंचित वाकवून सुतळी बांधा. हे झालं आपलं धनुष्य.

झाकणात स्पंज बसवा. पेन्सिलींची टोकं त्यात रोवा. हे झालं टोपण. आता पेन्सिली धनुष्याच्या उजव्या अंगाला ठेवून दोन रबरी कड्यांनी बांधा. टोकं वर, मागची बाजू खाली.

डावा हात समोर लांब करा. धनुष्य मुठीत आवळू नका, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात सैल टेकवा. काय होतं? धनुष्य उजवीकडे कलतं. आता तीन पेन्सिली काढा. कमी कलतं ना? मग डाव्या अंगाला खोडरबर बांधून तोल साधतो का पाहा. किती पेन्सिलींना किती खोडरबर, हे वहीत लिहून ठेवा. आमच्या वर्गात यावरून एवढी चर्चा रंगली, की मधल्या सुट्टीची घंटा कुणाला ऐकूच आली नाही.

अजून एक. आपल्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. पोलाद टणक करायला मँगनीज लागतं. तेव्हा पुढच्या वेळी पोलादी टोकाचा बाण पाहाल तेव्हा आपल्या मातीची आठवण ठेवा.

आई-बाबांसाठी दोन शब्द

दसऱ्याला मुलांच्या हातातून तीरकमठा हिसकावून घेऊ नका. तो चुलीत घातला की खेळ थांबत नाही, लपून सुरू होतो. त्यापेक्षा तीन गोष्टी पाहा. छत्रीच्या काड्या, सायकलचे स्पोक, अणकुचीदार बरू यांचे बाण नकोत. बाणाच्या टोकाला कापसाचा, चिंध्यांचा जाड बोंडा बांधून द्या. आणि बाण ठेवायला भाता करून द्या, ज्यात टोकं झाकलेली राहतील. निशाणा भिंतीवर किंवा धानाच्या तणसाच्या ढिगावर लावा, माणूस, जनावर, पाखरू कधीच नको. आणि बाण आणायला जाताना सगळ्यांची धनुष्यं खाली.

तरीही डोळ्याला काही लागलंच तर डोळा चोळू देऊ नका. काही रुतलं असेल तर ओढून काढू नका. स्वच्छ वाटी किंवा कागदी पेला हलकेच, डोळ्यावर दाब न देता वर धरा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. घरगुती औषध, तूप, दूध काहीही घालू नका.

आता आमच्या त्या चौथीतल्या रामाचं काय झालं ते सांगते. बहिणीची जखम आठवडाभरात भरली. कपाळावर बारीकशी खूण राहिली आहे. छत्रीच्या काड्या त्याने स्वतःच भंगारवाल्याला देऊन टाकल्या. पुढच्या दसऱ्याला तो पुठ्ठ्याच्या नळीचा, कमरेला बांधायचा भाता घेऊन आला. आत स्पंज, बाणांना कापसाचे बोंडे. मी विचारलं, "पाठीवर का नाही रे?"

तो म्हणाला, "पाठीमागचं दिसत नाही नं जी, मॅडम." आणि मागे वळून आधी बहीण कुठे आहे ते पाहून घेतलं.

मुलांनो, नेम धरायला कुणीही शिकतं. बाण हातात नसतानाही मागेपुढे पाहणं, ते शिकायला थोडा वेळ लागतो. तुम्ही या दसऱ्यालाच शिकून टाका!